सायकलचा देश कसा घडला

पुण्यात सायकलमार्गांचा विषय निघाला, की चर्चा थोड्या वेळात एका ठरलेल्या वाक्यापाशी येऊन थांबते. ‘अहो, हॉलंडचं सांगू नका. तिथे जमीन सपाट, हवा थंड आणि लोकांच्या रक्तातच सायकल.’ मग विषय पावसाकडे किंवा मेट्रोकडे वळतो. या वाक्यातली पहिली दोन कारणे खरी आहेत. नेदरलँड्सची जमीन सपाट आहे, हवा थंड आहे; बोचरा वारा आणि बारमाही पाऊसही आहे, पण तो सहसा कोणी मोजत नाही. अडचण अशी की, ही जमीन १९५५ साली जेवढी सपाट होती तेवढीच १९७० साली होती. तरीही या पंधरा वर्षांत अ‍ॅमस्टरडॅममधली सायकल जवळजवळ हद्दपार व्हायला आली होती. डच वाहतूक-इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या मोजण्या जुळवून जो अंदाज बांधला आहे त्यानुसार, पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला सायकल, मोटार आणि सार्वजनिक वाहने मिळून जेवढा प्रवास होई, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश सायकलवर होता. सत्तरीच्या सुरुवातीला तो पावाच्या आसपास आला. भूगोल बदलला नव्हता, माणसांचे रक्तही तेच होते. मग सायकल गेली कशी आणि परत आली कशी?

सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती इतर युरोपीय देशांपेक्षा फार वेगळी नाही. युट्रेक्टच्या मालीबान या रुंद, झाडांच्या रस्त्यावर १८८५ साली देशातला पहिला सायकलमार्ग झाला, तो हौशी क्लबवाल्यांसाठी. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, सायकलस्वारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याचे आद्याक्षरी नाव एएनडब्ल्यूबी. ते लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे. पहिल्या महायुद्धानंतर सायकल स्वस्त झाली आणि कामगार, शिक्षिका, पाद्री, कारकून सगळेच तिच्यावर बसले. इतके, की १९२४ साली सरकारने सायकलवर वार्षिक तीन गिल्डर कर बसवला. कर भरला की धातूचा छोटा बिल्ला मिळे, तो सायकलला लावायचा. पुढे मंदीच्या काळात बेकारांना हा बिल्ला फुकट मिळू लागला, पण त्याला मधोमध भोक पाडलेले असे. म्हणजे बेकारी चारचौघांत मिरवत फिरायचे. १९४१ मध्ये हा कर गेला, तो जर्मन ताबेदारांनी रद्द केला.

आपल्याकडच्या ज्येष्ठ वाचकांना बिल्ला म्हटल्यावर वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. पुणे नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला, रात्री दिवा नसला की चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस, डबलसीट पकडले गेल्यावरची गयावया, तासावर मिळणारी भाड्याची सायकल हे सगळे अजून अनेकांच्या आठवणीत आहे. कर बसवण्याइतकी सायकल जिथे महत्त्वाची होती, अशा शहरांत पुणे होते.

डच लोकांच्या सायकलप्रेमाचा पुरावा म्हणून युद्धकाळातली हकीकत नेहमी सांगतात. जर्मन सैन्याने १९४२ पासून सायकली जप्त करायला सुरुवात केली आणि ती सल इतकी टिकली, की १९८८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत जर्मनीविरुद्धच्या सामन्याच्या वेळी ‘आजी, तुझी सायकल सापडली’ अशा अर्थाचा फलक डच प्रेक्षकांनी नाचवला. किस्सा छान आहे. पण ज्यांच्या सायकली जप्त झाल्या, त्याच पिढीने युद्धानंतर पैसे हाती येताच सायकल अडगळीत टाकली, हे त्या किश्शात येत नाही.

त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. उपासमारीतून, भग्न घरांतून वर आलेला देश होता. १९५० साली देशात दीड लाखाहूनही कमी खासगी मोटारी होत्या. १९७० पर्यंत त्या वीस लाखांच्या वर गेल्या. मोटार म्हणजे रविवारी समुद्रकिनारा, म्हणजे बायकोच्या माहेरी पावसात न भिजता जाणे. सायकल गरिबीची आठवण होती. शहरांचे कारभारीही याच भावनेने वागले. अ‍ॅमस्टरडॅमचे पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयागर यांनी १९५४ मध्ये जुन्या शहरातले काही कालवे बुजवून त्यांचे मोटाररस्ते करावेत, अशी योजना मांडली. १९६७ साली डेव्हिड योकिनेन या अमेरिकन नियोजनकाराने, मोटार आणि रस्त्यांच्या बाजूने काम करणाऱ्या एका संस्थेच्या सांगण्यावरून, त्याहून मोठा आराखडा दिला. त्यात शहराच्या पोटात शिरणारे रुंद महामार्ग होते आणि त्यासाठी ‘दे पाइप’सारख्या दाट कामगार वस्त्या पाडायच्या होत्या. हे आराखडे कागदावर राहिले, म्हणून आज आपल्याला ते विनोदी वाटतात. युट्रेक्टमध्ये मात्र त्याच काळात शहराभोवतीच्या जुन्या खंदकाचा मोठा भाग खरोखर बुजवून तिथे मोटाररस्ता केला गेला. चौक म्हणजे वाहनतळ झाले, कालव्यांच्या काठांवर मोटारी दाटीने उभ्या राहिल्या. जुनी छायाचित्रे पाहिली तर हा अ‍ॅमस्टरडॅम आहे की आपला लक्ष्मी रस्ता, असा क्षणभर प्रश्न पडतो.

याविरुद्धचा पहिला आवाज थट्टेचा होता. १९६५ मध्ये ‘प्रोव्हो’ या अराजकवादी तरुणांच्या गटाने ‘पांढरी सायकल योजना’ जाहीर केली. कल्पना लुड स्खिमेलपेनिंक यांची. शहराच्या मध्यभागी मोटारींना बंदी घालावी आणि नगरपालिकेने दरवर्षी वीस हजार पांढऱ्या रंगाच्या, बिनकुलपाच्या, कोणीही वापराव्यात अशा सायकली रस्त्यावर सोडाव्यात. गटाने काही सायकली रंगवून ठेवल्याही. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकल कुलपाविना ठेवणे नियमात बसत नव्हते. पुढच्या वर्षी प्रोव्होला नगरपरिषदेत एक जागा मिळाली, योजना सभागृहात गेली आणि फेटाळली गेली. सायकलवरच्या बहुतेक लेखांत या प्रकरणाला फार मोठे स्थान देतात. मला ते पटत नाही. पांढऱ्या सायकलींनी एक कल्पना जगभर पेरली, आणि आज मोबाइलवरून मिळणाऱ्या भाड्याच्या सायकलींची ती पणजी म्हणता येईल. पण त्यानंतरची सहा-सात वर्षे अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकल घटतच गेली. थट्टेने रस्त्यावरची एकही मोटार कमी झाली नाही.

ज्या गोष्टीने खरा फरक पडला ती मृत मुलांची संख्या होती. नेदरलँड्समध्ये रस्त्यांवरचे मृत्यू दरवर्षी वाढत होते. १९७२ मध्ये ते ३,२६४ झाले, या देशाच्या इतिहासातला तो उच्चांक. लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या थोडी पुढे. १९७१ या एका वर्षात मेलेल्यांमध्ये चारशेहून अधिक मुले होती. यांतली बरीच शाळेत जाता-येताना, पायी किंवा सायकलवर गेली. ‘दे टाइड’ या दैनिकाचे पत्रकार विक लांगेनहॉफ यांची लहान मुलगी त्यांतलीच एक. १९७२ च्या शरद ऋतूत त्यांनी आपल्या पत्रात एक लेख लिहिला, त्याचे शीर्षक होते ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’. शब्दशः अर्थ ‘मुलांची हत्या थांबवा’. पण डच कानाला त्यात आणखी काही ऐकू येते. बेथलेहेमच्या बालकांची हेरोद राजाने कत्तल केली, त्या बायबलमधल्या प्रसंगाला डच भाषेत हाच शब्द आहे. आपल्याकडे कोणी वाहतुकीवरच्या लेखाला कंसाचे नाव द्यावे, तसे. आजवर ज्याला ‘अपघात’ म्हणत होते त्याला या शीर्षकाने करणारा हात दिला. लांगेनहॉफ यांचे म्हणणे साधे होते: देश एवढा खर्च महामार्गांवर करतो आणि शाळेच्या वाटेवर मुलाला सुरक्षित ठेवायला त्याच्याकडे पैसा नाही.

या लेखातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन तेव्हा तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. चळवळीची रीत पाहण्यासारखी आहे. जिथे अपघात झाला असेल तो चौक अडवायचा. मोहल्ल्यातला एक रस्ता ठरावीक दिवशी बंद करून तिथे मुलांना खेळू द्यायचे, मधोमध टेबले मांडून गल्लीचे जेवण करायचे. पंतप्रधान योप डेन अउल यांच्या घरासमोर सायकलींवरून जाऊन गाणी म्हणायची. ते बाहेर येऊन ऐकत. पोलीस आडवे येण्याऐवजी बऱ्याचदा मदत करत, आणि पुढे सरकारने चळवळीला अनुदानही दिले. दे पाइप वस्तीतल्या शाळकरी मुलांनी आपल्या रस्त्यावर खेळायला जागा मिळावी म्हणून १९७२ मध्ये केलेली धडपड डच दूरचित्रवाणीने टिपून ठेवली आहे. त्यात मुलांनी घातलेला अडथळा हटवू पाहणारे संतापलेले मोटारवाले दिसतात. हे सगळे शेजारी होते, एकाच गल्लीतले. ‘सायकल त्यांच्या रक्तात आहे’ म्हणणाऱ्यांनी तेवढे चित्रण तरी पाहावे.

डेल्फ्टमध्ये तर रहिवाशांनी आधीच, साठीच्या दशकाच्या अखेरीस, काही वस्त्यांतल्या रस्त्यांची रचना मोडून तिथे झाडे, बाक, वळणे आणून मोटारीला चालण्याच्या वेगावर आणले होते. अशा रस्त्याला ‘वोनएर्फ’ म्हणतात, आपल्या भाषेत राहत्या घराचे अंगण. १९७६ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली.

याच सुमारास तेलसंकट आले, आणि पुष्कळ ठिकाणी डच सायकलचे सगळे श्रेय त्यालाच दिलेले आढळते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी इस्रायलला पाठिंबा दिल्याबद्दल अमेरिकेबरोबर नेदरलँड्सचेही तेल तोडले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून दोन महिने दर रविवारी मोटारी बंद राहिल्या. महामार्गांवर लोक सायकली, घोडे, रोलर स्केट्स घेऊन उतरले. पण मोटारबंद रविवार नेदरलँड्सने त्याआधीही पाहिले होते! सुएझ संकटाच्या वेळी, १९५६ च्या नोव्हेंबरपासून १९५७ च्या जानेवारीपर्यंत, असेच रविवार पाळले गेले होते. तेव्हाही रस्ते रिकामे झाले, तेव्हाही लोकांना मजा वाटली, आणि संकट सरताच मोटारींची विक्री पूर्ववत झाली. १९७३ मध्ये मोटारबंद रविवार पश्चिम जर्मनीनेही पाळले, बेल्जियम, स्वित्झर्लंड, इटलीनेही पाळले. तिथली शहरे डच शहरांसारखी झाली नाहीत. टंचाईने लोकांना काही आठवडे शांत रस्त्याची चव मिळाली, एवढेच. त्या चवीला मागणीचे रूप देणारी माणसे १९५६ साली नव्हती. १९७३ मध्ये ती वर्षभर आधीच रस्त्यावर उतरलेली होती. तेलसंकटाचे काम तिथे संपते असे मला वाटते.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये भांडण जास्त कडवट झाले. भुयारी रेल्वे आणि तिच्यावरून जाणारा चौपदरी रस्ता नेण्यासाठी निउमार्क्ट वस्तीतली घरे पाडायची होती. यातला रस्ता नगरपरिषदेने १९७२ मध्ये रद्द केला, तो अवघ्या एका मताच्या फरकाने. रेल्वेसाठी पाडकाम मात्र झालेच आणि १९७५ च्या मार्चमध्ये तिथे रहिवासी आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक उडाली. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर आज पर्यटक ज्या गल्ल्यांची छायाचित्रे काढतात, त्यांतल्या काहींवरून महामार्ग गेला असता.

१९७५ मध्येच सायकलस्वारांची नवी संघटना निघाली. नवी का, तर १८८३ ची एएनडब्ल्यूबी तोवर मोटारवाल्यांची संघटना झाली होती; नावात सायकलस्वार, कामात मोटार-दुरुस्तीची पिवळी गाडी. म्हणून नव्या मंडळींनी आपले नाव ठेवले ‘पहिला, एकमेव, खराखुरा डच सायकलस्वार संघ’. जुन्या संघटनेला हे झोंबले, प्रकरण कोर्टात गेले आणि नाव बदलावे लागले. पण या नव्या संघाने रुक्ष वाटणारे एक काम चिकाटीने केले. सभासदांनी आपापल्या शहरातला धोक्याचा प्रत्येक चौक, तुटलेला प्रत्येक मार्ग नकाशावर टिपला आणि तो घेऊन ते नगरपालिकेच्या अभियंत्यांसमोर बसू लागले. अ‍ॅमस्टरडॅमच्या सायकल-मोर्चांत हजारो माणसे मृतांच्या आठवणीसाठी रस्त्यावर आडवी होत असत, त्याची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. १९७८ च्या निवडणुकीनंतर वाहतूक खाते मिखाएल फान डेर फ्लिस यांच्याकडे आले आणि मोटारीला शहरात मर्यादा घालणारी वाहतूक योजना नगरपरिषदेने त्याच वर्षी स्वीकारली.

आता अभियंत्यांविषयी, कारण आपल्या उपयोगाचा भाग इथे आहे. केंद्र सरकारने सत्तरीच्या मध्यात टिलबुर्ग आणि द हेग या शहरांना एकेक नमुन्याचा सायकलमार्ग बांधायला पैसे दिले. मार्ग रुंद होते, वेगळे होते, देखणे होते. द हेगमधल्या दुकानदारांनी आकांडतांडव केले. दारासमोर मोटार लागणार नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? मार्ग झाल्यावर मोजणी केली तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. नव्या मार्गावर गर्दी खूप होती, पण ती आजूबाजूच्या रस्त्यांवरून तिथे आलेली. शहरातल्या एकूण सायकलप्रवासात लक्षात येण्याजोगी वाढ नव्हती. माणूस घरापासून कचेरीपर्यंत जातो, मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाही. वाटेतले चार धोक्याचे चौक तसेच असतील, तर मधल्या दोन किलोमीटरच्या सुखासाठी तो सायकल काढत नाही. म्हणून पुढचा प्रयोग डेल्फ्टमध्ये झाला. तिथे ऐंशीच्या दशकात सगळ्या शहरभर जाळे विणले: लांब पल्ल्याचे मार्ग दूर-दूर, वस्तीतले जवळ-जवळ, आणि मुलांसाठीच्या छोट्या वाटा त्याहून दाट. जिथे रेल्वे किंवा कालवा आडवा येई तिथे छोटा पूल किंवा बोगदा. या वेळी एकूण सायकलवापर वाढला. वाढ थोडी होती, पण ती शहरभराची होती.

ग्रोनिंगेनने तर बांधकामही फारसे केले नाही. उत्तरेकडच्या या विद्यापीठाच्या गावात वाहतुकीची सूत्रे मॅक्स फान डेन बर्ग या तरुण समाजवादी नगरसेवकाकडे होती. १९७७ मध्ये त्याचे वय एकतीस. त्या वर्षीच्या सप्टेंबरात एका रात्रीत पाट्या बदलून शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले गेले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येईना. बाहेरच्या वळणरस्त्यावर यायचे, वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचे. सायकल, बस आणि पायी माणूस मात्र सरळ जाई. मोटारीवर बंदी नव्हती, फक्त जवळच्या कामाला मोटार काढणे मूर्खपणाचे झाले. व्यापारी खवळले, शहर ओस पडेल असे भाकीत झाले. योजना टिकली, आणि आज ग्रोनिंगेनमधल्या प्रवासांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास सायकलवर होतात. या सगळ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. पैसा नसल्याची सबब इथे चालत नाही. रंग, खांब आणि पाट्या एवढाच मुख्य खर्च होता, बाकी सारा राजकीय हिशेब.

पुन्हा १९७२. लांगेनहॉफ यांचा लेख ज्या वर्षी छापून आला, त्याच वर्षी पुण्याच्या कंपन्यांची दोन वाहने बाजारात आली: बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना. चेतकसाठी लोक पुढे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा वाजला की सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, त्यातल्या माणसाला लूना हवीशी वाटली, यात काहीही गैर नव्हते. डच माणसाला मोटार हवी वाटली होती, तसेच ते होते. कितीतरी बायकांना स्कूटरने पहिल्यांदा स्वतःच्या वेळेवर कुठे जाता येऊ लागले. फरक पुढचा आहे. तिकडे पंधरा-वीस वर्षांच्या मोटारीच्या अनुभवानंतर हिशेब मागणारे लोक आणि तो हिशेब मतपेटीत ऐकणारे नगरसेवक भेटले. आपल्याकडे रस्तारुंदी, उड्डाणपूल आणि पुन्हा रस्तारुंदी हेच उत्तर राहिले. रस्त्यावर मेलेला सायकलवाला वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींत येत राहिला, ‘अपघात’ या मथळ्याखाली.

पुण्यात योजना झाल्या नाहीत असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहे, असे स्पष्ट लिहिले. त्याच वर्षअखेर कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, तिच्या कडेला सायकलमार्ग आले. ते कुठे विजेच्या खांबाशी थांबतात, कुठे दुकानाच्या पायरीशी, कुठे त्यांच्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. म्हणजे टिलबुर्गचा धडा आपण टिलबुर्गइतका चांगला रस्ताही न बांधता शिकलो. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आहे, म्हणजे कागदावर आपण थेट डेल्फ्टला पोचलो. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. चारातल्या एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येणार नाही, असे म्हणणारा नगरसेवक मात्र अजून कोणत्याच पक्षाच्या यादीत दिसलेला नाही.

नेदरलँड्समध्येही भांडण मिटलेले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या कौतुकपर लेखांतून सहसा सुटते. १९७१ साली रस्त्यावर चारशेहून अधिक मुले गेली होती. २०१० साली चौदा. पण २०२२ मध्ये तिथे २९१ सायकलस्वार मेले, मोटारीत बसलेल्यांपेक्षा जास्त. यांत म्हातारी माणसे बरीच आहेत आणि विजेवरच्या वेगवान सायकली आहेत. अ‍ॅमस्टरडॅमने सायकलमार्गांवर चालणाऱ्या छोट्या स्कूटर २०१९ च्या एप्रिलमध्ये मुख्य रस्त्यावर हाकलल्या, त्यावर खूप आरडाओरडा झाला. त्याच वर्षी रस्त्याकडेच्या दहा हजारांहून अधिक मोटारींच्या जागा काढून टाकण्याचा बेत शहराने जाहीर केला, त्यावरही झाला. युट्रेक्टमध्ये बुजवलेला तो खंदक पुन्हा उकरला गेला आणि २०२० च्या सप्टेंबरात, सुमारे पन्नास वर्षांनी, मोटाररस्त्याच्या जागी पाणी आले. तिथून काही मिनिटांच्या अंतरावर रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. तो बांधून झाला तेव्हाच कमी पडेल की काय, अशी कुरकुर सुरू झाली होती.